संबळ आणि रायझर

आज दिवसभर एका शॉर्टफिल्मच्या म्युझिकला बसलो होतो. मांजरा नदीच्या कोरड्या पात्रातून सीन थेट तुळजापूरच्या गोंधळात जातो. मधे जोड दणक्यात पाहिजे. एआयला म्हटलं, रायझर दे, म्हणजे दणक्याआधी हळूहळू चढत जाणारे, ताण वाढवणारे आवाज. क्षणात हजर! पण सगळे चकाचक, सगळे हॉलिवूड ट्रेलरछाप. आपल्याकडच्या मातीचा त्यात कण नाही.

मग गावातल्या गोंधळी काकांचं जुनं मोबाईल रेकॉर्डिंग काढलं आणि डेमक्सला दिलं. हे टूल फुकट आहे, ड्रम, बेस, गायन आणि बाकीचं सुटं करतं. संबळाला ते ओळखतंय कशाला, पण ठोके बऱ्यापैकी ड्रममधे आले. तुणतुणं मात्र चिकटलेलंच. राहू दिलं, उलट मजा आली. एक घुमारा उलटा फिरवून ताणला, त्याखाली एआयचा रायझर, 200 हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खर्ज, कापून. नाहीतर पुढच्या ठोक्याला दम राहत नाही. मिनिटाला 120 ठोक्यांचा टेम्पो, चार-चार ठोक्यांचे 4 बार, बरोबर 8 सेकंद. शेवटचा अर्धा ठोका पूर्ण शांत, अन् मग संबळ!

ती शांतता किती ठेवायची, हे कानानंच ठरवलं.

डायरेक्टर म्हणतोय अजून मोठं कर. करतो बाबा, लाईट येऊ दे आधी.