घडणावळ

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

अजून फरशीवरचे मणी वेचतीय. संध्याकाळी लाईट गेली आणि नेमकं तेव्हाच मांडीवरचं ताट कलंडलं, अकरा नंबरचे लाल मणी, मोहरीएवढे, जेमतेम दोन मिलिमीटरचे, दहा ग्रॅममध्ये हजाराच्या वर बसतात, ते सगळे कपाटाखाली. ह्यांनी टॉर्च धरला आणि वर म्हणाले, झाडूनच घे की. झाडलं की मण्यांबरोबर केस आणि धूळ, ते निवडत कोण बसणार, शेवटी बोट ओलं करून एकेक टिपला. (नंबर मोठा तेवढा मणी बारीक हे पहिल्यांदा माहितीच नव्हतं, आठ नंबर बारीक असणार म्हणून मागवले आणि आले ते ज्वारीएवढे.)

पण आजचं खरं दुखणं मणी सांडल्याचं नाहीच. दुपारी शेजारच्या काकू आल्या, मी केलेली गळ्यालगतची पट्टी, आपल्या चिंचपेटीसारखी, लाल-काळी, त्यांनी घालून आरशात बघितली आणि विचारलं, कितीला देतीस गं? मी म्हणलं, द्या की काहीपण. त्यांनी दोनशे दिले तर मी त्यातले पन्नास परत केले! रात्री हिशोब मांडला. मणी साठचे, मागचा हूक आणि साखळी पंधरा, राहिले पंचाहत्तर, आणि ती पट्टी करायला रोज दोन तास असे चार दिवस गेलेत. म्हणजे तासाला नऊ रुपये. एवढ्यात चहा तरी येतो का.

हे मण्यांचं खूळ सुरू झालं ते २०१९ च्या पुरानंतर. आईचं घर सांगलीच्या गावभागात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावेळी पाणी ५७ च्या वर गेलेलं. ओसरल्यावर चिखल उपसताना बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला, आईच्या रुखवतातलं मण्यांचं तोरण करून उरलेला सगळा माल त्यात. प्लॅस्टिकच्या मोत्यांची साल निघाली होती, आतनं चंदेरी असलेले मणी काळे पडले होते, पण साधे काचेचे मणी आणि काळी पोत चहाच्या गाळणीत धुतली तर काल आणल्यासारखी. आई म्हणाली, टाकून दे. मी नाही टाकली. भिंती वाळेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणला आणि ओवत बसले.

तंगुसाची गाठ काही राहत नाही ही अक्कल तीन माळा तुटल्यावर आली.

गाठीवरनं आठवलं. गेल्या वर्षी सासूबाईंचं मंगळसूत्र गाठवायला सराफ कट्ट्यावर पटवेकऱ्यांकडे गेलो होतो. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ते काका असे भराभर हात चालवत होते की मी बघतच राहिले. शेजारी कुणाचीतरी मोत्याची माळ पडलेली, तिच्यात प्रत्येक मोत्यामागं एक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मोती पडतो, सगळी माळ रस्त्यावर पसरत नाही. मी हळूच माझं ब्रेसलेट दाखवलं. त्यांनी नख लावून ओढलं आणि म्हणाले, हे सुटणार. तीन आठवड्यात सुटलं. आता मी दोरा कापायच्या आधी तो चार-पाच मण्यांतनं उलटा फिरवून घेते, मध्ये दोनदा अडकवते, तेव्हापासनं एकही तक्रार नाही. (हुकांची आली होती. स्वस्तातल्या पिवळ्या हुकांनी मावसबहिणीचे कान सुजले, निकेल असतं त्यात, ती अजून बोलून दाखवते. आता स्टीलचेच घेते.)

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. मण्यातला एक मणी काकांचा नव्हता, सोनं आमचं, पोत आमची, तरी त्यांनी मजुरी सांगितली आणि मेथीच्या पेंडीला दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आमच्या सासूबाईंनी गुमान पैसे काढून दिले. सराफाकडं पण तेच, बिलात घडणावळ वेगळी लिहिलेली असते, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग माझ्याच तोंडाला कुलूप का लागतं.

तर विश्रामबागच्या एका वहिनींना पुढच्या मंगळवारी मंगळागौरीला बायकांना द्यायला कानातल्याच्या एकवीस जोड्या पाहिजेत, सगळ्या हिरव्या, सगळ्या सारख्या. मी सॅम्पल म्हणून एक करायला बसले आणि भाव न ठरवताच सात करून बसले, हुशारी बघा. पहिल्या जोडीला मजा आली, चौथीला पाठ धरली, सातवीला हिरव्या रंगाचाच राग यायला लागला. आवड म्हणून करताना मनात येईल तिथं रंग बदलता येतो, इथं मण्याला मणी मोजून. हा धंदा झाला तर रोजच असं होणार का, काय की.

मगाशी मेसेज लिहिला. "मणी आणि हूक ३५, घडणावळ ६०, जोडी ९५." तीनदा खोडला. ह्यांना दाखवला तर म्हणे, घडणावळ काय, तू सराफ आहेस का? मी तो शब्द तसाच ठेवला आणि पाठवला, आणि फोन उशीखाली ढकलून पुन्हा कपाटाखाली हात घातला.

आत्ता बघितलं, उत्तर आलंय. "चालेल गं, पण मग एकवीस नको, सोळाच कर."

सात झाल्यात, नऊ राहिल्या. बाहेर पाऊस लागलाय, आई फोनवर विचारत होती आयर्विनला किती झालं म्हणून. अजून एक लाल मणी पार भिंतीपाशी चमकतोय, तिथवर माझा हात पुरत नाही, उद्या बघते.