आधी आंघोळ, मग पोहणं

आइसलँडला येताना थंडीची, अंधाराची, एकटं पडण्याची सगळी मानसिक तयारी करून आले होते. शॉवरबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

इथल्या सार्वजनिक पूलमध्ये उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करावीच लागते, आणि तीही अंगावर एक चिंधी न ठेवता. स्विमसूट त्यानंतर. बायकांच्या विभागात ओळीने शॉवर, मध्ये बहुतेक वेळा आडोसा नाहीच. भिंतीवर माणसाच्या आकृतीचा फलक. डोकं, काखा, जांघा आणि पावलं लाल रंगवलेली, म्हणजे इथे नीट घासा! जन्मभर रोज आंघोळ करणाऱ्या बाईला हे चित्र काढून शिकवायचं? "मी घरून आंघोळ करून आलेय," असं देखरेखीच्या बाईंना सांगूनही पाहिलं. त्यांनी हसून फलकाकडे बोट दाखवलं आणि तिथून हलल्या नाहीत.

स्वच्छतेच्या बाबतीत आपण कोणाचं ऐकून घेणारी माणसं नव्हे. पारोशाने स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारं आमचं घर! पण आपल्याकडच्या पूलमध्ये डोळे चुरचुरतात आणि केसांचा क्लोरीनचा वास जाता जात नाही, हेही खरं. इथे क्लोरीन बेताचंच घालतात, त्यामुळे पाण्यात उतरणारं अंगच स्वच्छ हवं. कारण कळल्यावर राग निम्म्यावर आला. लाज होती तेवढीच राहिली.

शेवटी एकदा टॉवेल खुंटीला अडकवला. शेजारी पंचाहत्तरीच्या एक आजी, पोटावर ऑपरेशनचा जुना व्रण, गुणगुणत पाय घासत होत्या. पलीकडे शाळेतल्या मुली शाम्पूवरून भांडत होत्या. (पोहणं इथे शाळेत सक्तीचं आहे, म्हणजे हे सगळं त्यांना लहानपणापासून सवयीचं.) माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, जरा अपमानच वाटला. लाजायची एवढी तयारी, आणि प्रेक्षक एकही नाही!

त्यानंतरचं सुख मात्र सांगून कळणार नाही. मी जाते तो सुंडहॉटलिन हा पूल १९३७ सालचा; हॉलग्रिम्सकिर्क्या या प्रसिद्ध चर्चच्याच वास्तुकाराने बांधलेला. बाहेर बर्फ, आणि आपण चाळीस अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत. ऑफिसात हवामानापलीकडे न बोलणारी ही माणसं कुंडात बसली की नगरपालिकेपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळं बोलतात. घर शोधायला मदत झाली ती इथेच भेटलेल्या एका बाईंची.

काही पूलमध्ये आता पडद्याचा शॉवरही असतो. तिथे गेले आणि तो रिकामा दिसला, तर मी तिकडेच शिरते. सोय केलीय ती वापरायलाच ना? सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर फक्त बर्फ दाखवते. आणि पुण्याहून येणाऱ्या मैत्रिणीने परवा विचारलं, पूलला जाताना काय काय घेऊ? म्हटलं, टॉवेल आण, साबण तिथेच मिळतो.