डालड्याचा डबा आणि बाटाचे बूट

बडोद्याच्या मराठी घरांत बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा एक छोटा कोश करावा, म्हणून आम्ही पाच-सहा जण दांडिया बाजारातील एका घरी जमू लागलो, तेव्हा कंपन्यांच्या नावांवरून महिनाभर अडून बसू असे वाटले नव्हते. ‘ब’च्या चिठ्ठ्या लावताना ‘बँक ऑफ बरोडा’ निघाली. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली बँक बडोद्याच्याच कोशात नसावी, हे आमच्यातील वडीलधाऱ्या काकांना पटेना. मी म्हटले, की त्या नावाला त्या बँकेखेरीज दुसरा अर्थ नाही. तिची माहिती ज्ञानकोशात शोभेल. काका दोन दिवस बोलले नाहीत.

मग आम्ही ठरवले, की नाव एका कंपनीपुरते न राहता त्या जातीच्या कोणत्याही वस्तूला लागू होत असेल, तरच ते घ्यायचे, आणि तसे वाक्य तीन निरनिराळ्या घरांतून मिळाले पाहिजे. ‘झेरॉक्स’ लगेच बसला, कारण यंत्र कोणाचेही असो, काढतात ती झेरॉक्सच. शिवाय ‘कोरडे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आधी त्या छपाईच्या पद्धतीचे नाव पडले आणि हॅलॉइड या कंपनीने पुढे तेच उचलून १९६१ पासून केवळ ‘झेरॉक्स’ म्हणवून घेतले. म्हणजे येथे उसनवारी कंपनीचीच.

खरा उलगडा ‘डालडा’ने केला. १९३७ मध्ये बाजारात आलेले हे नाव मुळात कंपनीचे नव्हे, तर मालाचे. परंतु मला पटले ते व्याकरणामुळे. आपण ‘डालड्यात तळलेले’ म्हणतो, तुळस ‘डालड्याच्या डब्यात’ लावतो, म्हणजे ‘घोडा’, ‘सोडा’ यांच्याप्रमाणे या शब्दाचेही सामान्यरूप होते. बूट मात्र ‘बाटाचे’ असतात, ‘बाट्याचे’ नव्हेत. कान हा भेद कधीच करून मोकळा झालेला असतो, कोशकाराला तो उशिरा कळतो. आकारान्त नसलेल्या नावांना ही कसोटी लागत नाही, हे मान्य.

‘अलेम्बिक’वर मात्र माझीच फजिती झाली. १९०७ पासूनची ही बडोद्याची कंपनी. तिच्या नावाचा मूळ अर्थ ऊर्ध्वपातनाचे भांडे, आणि तो शब्द अरबीतून युरोपात गेलेला, हे वाचून मी उत्साहाने भली मोठी नोंद लिहिली. काकांनी शांतपणे विचारले, “आपल्याकडे त्या भांड्याला असे कोण म्हणते?” कोणीच नाही. ‘अलेम्बिकला उतरायचे आहे’ एवढेच म्हणतात, आणि ते ठिकाणाचे नाव झाले. नोंद फाडली.

‘गोदरेज’ची चिठ्ठी अजून खोक्यातच आहे. ‘गोदरेजचे कपाट’ सगळीकडे मिळते, पण त्यात ते कंपनीचेच नाव राहते. नुसते ‘गोदरेज उघड’ आतापर्यंत दोनच घरांतून आले आहे.