तेल्या, फेरी ३: पिवळ्या कॉलनींची छाननी

तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होणारा डाळिंबाचा रोग. मागच्या दोन फेऱ्यांत डाळिंबाच्या पानांवरून १२ पिवळ्या कॉलनी (प्लेटवर वाढलेले जिवाणूंचे पुंजके) उचलल्या होत्या आणि सगळ्यांवर घाईघाईने 'तेल्या' अशी चिठ्ठी लागली होती. या फेरीअखेर त्यांतल्या ५ उरल्या आहेत. बाकीच्या कुठे गळाल्या, ते खाली.

आधी नमुना. भगवा जात, मृग बहार. डाग २-३ मिमीचा, तेलकट, उजेडाकडे धरला की पारदर्शक दिसणारा हवा. काळे पडून वाळलेले डाग घेऊ नका. त्यात नंतर शिरलेले जिवाणूच जास्त निघतात. नुकतीच ताम्रयुक्त फवारणी झालेली पानेही नकोत, तांब्याचा अंश पाण्यात उतरतो आणि प्लेट कोरी राहते. पाने कागदी पिशवीत आणावीत. प्लास्टिकमध्ये त्यांना घाम सुटतो आणि वरवरचे जिवाणू माजतात.

प्लेट खर्ची घालण्याआधी ऊझ चाचणी करा, म्हणजे डागातून जिवाणू बाहेर झिरपतात का ते पाहा. डागाच्या कडेचा २ मिमी तुकडा ताज्या ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हर स्लिप, सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट, उजेडाचा डायफ्रॅम बराच मिटलेला. जिवाणू असतील तर मिनिटा-दोन मिनिटांत कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट निघतो. हिरवे गोल कण सांडताना दिसले तर ती हरितलवके, तिथे फसू नका. सर्कोस्पोरासारख्या बुरशीच्या डागातून लोट येत नाही.

जिवाणू वाढवायचे माध्यम साधेच: २०० मिली पाण्यात पेप्टोन १ ग्रॅम, बीफ एक्स्ट्रॅक्ट ०.६, मीठ १, ग्लुकोज २, अगार ३ ग्रॅम, पीएच ७. कुकरमध्ये पूर्ण दाबावर २० मिनिटे. साधारण १० प्लेट होतात. बाटली हाताला सोसवेल इतकी निवाल्यावरच ओता; गरम ओतले की झाकणावर पाणी धरते, ते खाली टपकते आणि कॉलनी एकमेकींत मिसळतात.

तुकडे १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये ३० सेकंद, मग निर्जंतुक पाण्याच्या तीन धुण्या. मिनिटभराच्या पुढे गेलात तर छोट्या डागाच्या आतलेही मरतात. अर्धा मिली निर्जंतुक पाण्यात चिरून १५ मिनिटे तसेच राहू द्या, जिवाणूंना बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. मग लूपने (तारेच्या कडीने) प्लेटवर स्ट्रीक करून, म्हणजे रेघा ओढून, ती उलटी ठेवा, २८ अंशांवर.

इथे सर्वांत उपयोगी साधन घड्याळ. २४ तासांनी जेवढ्या कॉलनी दिसतात, त्यांना प्लेटच्या पाठीवर मार्करने गोल करा. झँथोमोनास सावकाश वाढतो. त्याची फिकट पिवळी, फुगीर, चकचकीत, लूपला चिकटणारी कॉलनी ४८ ते ७२ तासांनी नीट दिसते. पहिल्याच दिवशी पिवळी झालेली बहुधा पँटोइया या दुसऱ्या पिवळ्या जिवाणूची असते. तीन दिवसांनी प्लेट उघडली तर दोघी सारख्याच दिसतात, आणि मागच्या वेळी नेमके तेच झाले होते. खुणा केल्यावर ४ इथेच संशयित ठरल्या. (गुलाबी कॉलनी दिसल्या तर त्या मिथिलोबॅक्टेरियमच्या असण्याची शक्यता मोठी. पानातून सुटणाऱ्या मिथेनॉलवर जगणारा निरुपद्रवी पाहुणा.)

पुढे ३ टक्के पोटॅश, म्हणजे केओएच. थेंबात ताजी कॉलनी घोळवून लूप उचला. १-२ सेंमी तार आली तर ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे झँथोमोनासच्या गटातला. पण झँथोमोनासचा झँथन गोंद नुसत्या पाण्यातही तार धरतो! म्हणून शेजारी साध्या पाण्याचा थेंब हवाच. दोन्हीकडे तार आली तर ग्रॅम स्टेन करा, म्हणजे रंगवून गट ओळखा (जांभळा तो ग्रॅम पॉझिटिव्ह). इथे १ गळाली, तार नाही आणि स्टेन जांभळा. कर्टोबॅक्टेरियमसारखे पिवळे ग्रॅम पॉझिटिव्हही पानांवर असतात.

खरा निकाल ओएफ (ऑक्सिडेशन-फर्मेंटेशन) चाचणीचा: जिवाणू ग्लुकोजपासून हवेशिवायही आम्ल करतो का, ते कळते. पेप्टोन ०.२ टक्के, ग्लुकोज १ टक्का, ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्ल झाले की पिवळा होणारा रंग), थोडेसे अगार. दोन नळ्या, एकीवर १ सेंमी पॅराफिनचा थर. पँटोइया दोन्ही पिवळ्या करतो, झँथोमोनास फक्त उघडी आणि तीही रमतगमत. पेप्टोन वाढवू नका, त्यातून होणारा अल्कली हे क्षीण आम्ल झाकून टाकतो. जिवाणू सोडण्याआधी नळ्या उकळून हवा घालवली नाही तर बंद नळीचा निकाल बेभरवशाचा. पहिल्या ४ पँटोइयाच्या बाजूने गेल्या, आणखी २ गळाल्या. उरलेल्या ५ स्टार्च प्लेटवर तीन दिवस वाढवून आयोडीन ओतले. पाचहींभोवती निळा रंग न धरलेले वलय, म्हणजे स्टार्च पचला.

एवढ्याने झँथोमोनासपर्यंत पोचतो, पुढे नाही. १६एस जनुकाचे सुमारे १५०० बेस (डीएनएची अक्षरे) वाचले तरी या प्रजाती नीट वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी जायरेस-बी हे दुसरे जनुक लागते. आणि नावाचा घोळ आहेच: १९५९ मध्ये झँथोमोनास पुनिकी, मग अ‍ॅक्सोनोपोडिसचा पुनिकी पॅथोव्हार (प्रजातीतला रोगकारक पोटप्रकार), आता झँथोमोनास सिट्रीचा. कागदी लिंबावरचा खैऱ्याही सिट्रीच. प्रजात एक, पॅथोव्हार वेगळा, आणि तो ठरतो यजमान झाडावरून, प्लेटवरून नव्हे.

म्हणून पुढची फेरी तोडलेल्या पानांवर: बंद डब्यात ओला टिपकागद, सुईने टोचून जेमतेम गढूळ द्रावणाचा थेंब, एका पानावर नुसते पाणी. डाळिंब आणि लिंबू दोन्हींची पाने. डबा बागेपासून लांब, आणि काम झाल्यावर सगळे कुकरमध्ये ३० मिनिटे.