सत्तेचाळीस सेकंद

परवा दुपारी एक रेकॉर्ड पुसत बसलो होतो. पुसणं हे आपलं निमित्त, खरं काम कव्हरची पाठ वाचणं. केपीएम या लंडनच्या संगीत कंपनीची हिरवी एलपी. पुढच्या बाजूला फोटो नाही, कलाकाराचं झोकदार नाव नाही, केस पिंजारून उभा राहिलेला कुणी गिटारवाला नाही. शेवाळी म्हणावा असा एकच हिरवा रंग, शेकडो रेकॉर्डींना तोच. एखाद्या खात्याच्या फायली असाव्यात तशा. मागे मात्र तक्ता: रचनेचं नाव, संगीतकार, वेळ, आणि दोन-चार शब्दांत तिचा स्वभाव. उमदी, वेगवान, कारखान्याच्या दृश्यांसाठी. हलकीफुलकी, सहलीची. ताणलेली, पाठलागाची.

माझी एक खोड आहे. हा स्वभावाचा रकाना मी अंगठ्याखाली झाकतो, आधी रचना ऐकतो, मनाशी ठरवतो आणि मग अंगठा उचलतो. इतक्या वर्षांत मी क्वचितच पास झालोय. मला जी हमखास घरफोडीची वाटते ती तिथे फॅशन शो म्हणून नोंदलेली असते. बेस दबकत दबकत चाललाय, मागे बासरी कुजबुजतेय, आता खिडकी उघडणार म्हणून मी श्वास रोखून धरलाय, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उन्हाळी कपडे!

हे व्यसन असलेल्यांना सांगायला नको, पण या रेकॉर्डी तुमच्या-माझ्यासाठी निघाल्याच नव्हत्या. दुकानात त्या मिळतच नसत. चित्रपटवाले, टीव्हीवाले, जाहिरातवाले यांच्याकडे त्या पाठवायच्या. त्यांनी हवा तो तुकडा उचलावा, वापरला तर परवान्याचे पैसे भरावेत. म्हणून याचं नाव लायब्ररी संगीत. धंदा तसा जुना. लंडनच्या डी वुल्फ कंपनीने तो १९०९ साली सुरू केला, मूकपटांना लागणाऱ्या नोटेशनच्या कागदांपासून. केपीएमचं ऑफिस तेव्हा लंडनमध्येच डेन्मार्क स्ट्रीटवर, २१ नंबरला होतं. वाजवायला मात्र पुष्कळदा समुद्र ओलांडून जावं लागे, कारण ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेचा या प्रकाराला विरोध होता. मग संगीतकार कागदांची चळत घेऊन जर्मनीत कलोनला किंवा बेल्जियममध्ये ब्रसेल्सला जात आणि तिथल्या स्टुडिओत भराभर वाजवून घेत.

आणि याच घाईत, साठच्या दशकाच्या शेवटी, फंक शिरला, म्हणजे अमेरिकेतलं ते ठेक्यावर नाचवणारं संगीत. तिकडे लोक जे घामाने निथळत वाजवत होते ते इथे जॅझमध्ये मुरलेली, इस्त्रीचे शर्ट घातलेली मंडळी घड्याळ लावून वाजवू लागली. मला विचाराल तर त्यात काही कमी आलं नाही. उलट नेमकेपणा आला. पसारा मांडायला वेळच नाही, दोन मिनिटांत ठेका धरायचा, ऑर्गनने एकदा डिवचायचं, ब्रासने दोनदा ओरडायचं आणि संपवायचं. जाणकारांचं मत वेगळं असेल, असू दे.

ॲलन हॉकशॉचंच बघा ना. हॅमंड ऑर्गनवर बसलेला हा ब्रिटिश संगीतकार. १९६८ साली मोहॉक्स या नावाखाली त्याने 'द चॅम्प' वाजवलं. पुढे हिप-हॉपवाल्यांनी आपल्या गाण्यांत वापरायला त्याचे इतके तुकडे पाडले की मूळ तबकडीचं काय उरलं असेल असं वाटावं. त्याचीच 'चिकन मॅन' नावाची एक लायब्ररी रचना होती. १९७८ साली ती 'ग्रेंज हिल' या शाळकरी मुलांच्या मालिकेला लागली, आणि तीच, जरा कपडे बदलून, दुसऱ्या चॅनेलवरच्या मूकाभिनयाच्या खेळाला. भाड्याने आणलेला कोट एका मांडवात नवरदेवाच्या अंगावर आणि शेजारच्या मांडवात सासऱ्याच्या, तसं. 'काउंटडाउन' या कोड्यांच्या कार्यक्रमातलं घड्याळाचं तीस सेकंदांचं संगीतही त्याचंच. लाखो लोकांनी ते ऐकलं असेल, पण तेव्हा त्यांचं सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात.

नावांचं तर बोलायलाच नको. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी डेलिया डर्बीशर बीबीसीच्या नोकरीत होती, म्हणून १९६९च्या लायब्ररी रेकॉर्डवर ती 'ली डी ला रूस' झाली. नाव चांगलं घेतलं, खोटं असून. अमेरिकेतला गायक जेम्स ब्राउन याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, त्याने टोपणनाव वगैरे घेतलं नव्हतं, पण त्याची गतही काही बरी झाली नाही. २० नोव्हेंबर १९६९, सिनसिनाटी, ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यामधला तो काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा. तो पुढे हजाराच्या वर गाण्यांत गेला. संगीतकार म्हणून ब्राउनचं नाव होतं, वाजवणाऱ्याला त्या वापराचे पैसे मिळाले नाहीत. तो तुकडा लागला की मी हातातलं काम खाली ठेवतो. एरवी मी काही फार भावनाप्रधान नाही.

घरी या छंदाबद्दल मतं आहेत. बायको एकदा दारात उभी राहून पूर्ण एक बाजू ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "यात गाणारा यायचा राहिलाय का?" मी म्हटलं, गाणारा नाहीच, हे चित्राच्या मागे वाजायचं संगीत आहे. "मग चित्र कुठाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पण तेव्हापासून एक झालं. कारखान्याची म्हणून नोंदलेली रेकॉर्ड लावून मी भांडी घासायला घेतो. ट्रॉम्बोन चढायला लागले की हातातली कढई पोलादाची वाटते, बाहेर तीन पाळ्या चालू आहेत असं वाटतं. शेवटची वाटी धुऊन पालथी घालताना कुणीतरी गंभीर आवाजात आकडेवारी सांगायला हवी.

माझ्याकडच्या बऱ्याच प्रती कुठल्या ना कुठल्या स्टुडिओच्या कपाटातून निघालेल्या आहेत. सीडी आल्या तेव्हा कपाटंच्या कपाटं रिकामी झाली. शिक्के, चिकटपट्ट्यांचे पिवळे डाग, खोडलेले क्रमांक. एकीच्या तक्त्यात कुणीतरी पेन्सिलने खुणा केल्यात. दोन रचनांपुढे बरोबर, एकीपुढे फुली, आणि चौथीपुढे बारीक अक्षरात लिहिलंय: फार आनंदी. कुठल्या दृश्याला ती फार आनंदी झाली कोण जाणे. दिव्याखाली तिरकी धरली तर त्या तबकडीवर एकच पट्टा करडा पडलेला दिसतो, पिन तेवढ्याच जागी शेकडो वेळा टेकवलेली. बाकीची काळीभोर, कोरी. माझ्याआधी ती पूर्ण कुणी ऐकलीच नसावी.

तर परवाची दुपार. ती हिरवी एलपी आतल्या कागदातून ओढली तेव्हा चट्ट असा बारीक आवाज झाला आणि मनगटावरचे केस उभे राहिले. कोरड्या हवेत होतं तसं. तबकडी तशीच हातात राहिली.

कारण लहानपणी मी आणि ताई हेच करायचो. टीव्हीवर कार्यक्रम सुरू व्हायला वेळ असायचा, पडद्यावर नुसती वर्तुळं आणि पट्ट्या, आणि मागे कसलंसं वाद्यसंगीत. आम्ही दोघं जमिनीवर पालथे, हनुवट्या तळव्यांवर. मग ताई काचेजवळ हात न्यायची आणि दंडावरची लव सळसळत उभी राहायची. मग माझी पाळी. कार्यक्रम काय असायचा ते आज आठवत नाही. ती धून मात्र पाठ होती. नाव नाही, गाव नाही, विचारायचं कुणाला?

पिन टेकवली. दुसऱ्या बाजूची तिसरी रचना, ०:४७. व्हायब्राफोन, खाली ब्रश फिरवलेला ड्रम, आणि मी ताडकन उभा राहिलो. तीच. अगदी तीच. पुन्हा लावली, पुन्हा लावली. अंगठा उचलून रकाना बघायचंही भान नाही.

ताईला फोन लावला. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणून फोन स्पीकरपाशी धरला. सत्तेचाळीस सेकंद.

"छान आहे," ताई म्हणाली. "काय आहे?"

"अगं, ती! टीव्हीवरची! पट्ट्या असायच्या तेव्हाची!"

ती थोडा वेळ गप्प. "छे रे, ही नव्हे. ती संथ होती. जरा उदास." आणि फोनवर तिने ती गुणगुणून दाखवली. दोन ओळी, मग अडखळली, मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी ठाम.

मी आयुष्यात कधी न ऐकलेली धून होती ती.

"हीच ना?" ताईने विचारलं.

"हो, असेल," मी म्हटलं. मुलांच्या परीक्षांचं विचारलं, भाऊजींच्या गुडघ्याचं विचारलं, फोन ठेवला. रेकॉर्ड फिरतच होती, चौथी रचना संपत आली होती. रकान्यात बघितलं तर तिसरीपुढे लिहिलं होतं, पाण्याखालची दृश्यं.