एम.टेक., जुनं कर्ज आणि साठवलेले एक लाख ऐंशी हजार

एम.टेक.च्या प्रवेशासाठी दिलेल्या गेट परीक्षेचा निकाल चांगला लागला तेव्हा घरात आनंद झालाच, पण दुसऱ्याच दिवशी बाबांनी विचारलं, "आधीचं कर्ज फिटायचंय, त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर काढायला मला बरेच आठवडे लागले. आपल्याकडच्या पुष्कळ मुलामुलींपुढे हाच प्रश्न असतो, म्हणून सगळा हिशोब मोकळेपणाने लिहिते आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. मी २०१९ मध्ये केमिकल इंजिनिअरिंगला गेले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं आणि आमच्या वाडीतले माड, पोफळी निम्म्याहून जास्त आडवे झाले. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं घेते. म्हणजे माझं शिक्षण संपेपर्यंत वाडीतून फीचे पैसे निघणार नव्हते. म्हणून साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं, बाबा सहकर्जदार. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्याने तहसीलदारांचा दाखला जोडला आणि केंद्र सरकारच्या योजनेतून शिक्षणाची वर्षं व पुढचं एक वर्ष इतक्या काळाचं व्याज माफ झालं. २०२३ ला लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, हातात २४ हजार. २०२४ च्या जुलैपासून हप्ता सुरू झाला: साडेनऊ टक्के दर, सात वर्षं, महिना ५,७२० रुपये. खेडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. घरी थोडे पाठवून, उरलेलं साठवून २०२५ च्या उन्हाळ्यात १ लाख ८० हजार जमले होते. कर्ज उरलं होतं सुमारे ३ लाख १३ हजार.

मग पुढे शिकायचंच कशाला? माझं काम कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात होतं. लोट्याच्या सांडपाण्याचा प्रश्न दाभोळच्या खाडीपर्यंत पोचतो, आणि त्या खाडीवर जगणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. तिथे रोज नमुने तपासून नोंदी भरणं मला येत होतं. प्रक्रिया बदलायची कशी, हे ठरवायच्या बैठकीत मात्र एम.टेक. झालेलेच असायचे. मला त्या बैठकीत बसायचं आहे.

घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. बाबा म्हणाले, साठवलेले सगळे पैसे कर्जात भर, ओझं हलकं कर, मग शिकायचं बघू. आई पाटल्या काढून बसली. तिला मी तिथल्या तिथे नको म्हटलं, कारण त्या पुढच्या वाईट वर्षासाठी आहेत आणि वाईट वर्षं कशी येतात ते आम्ही पाहिलंय. नालासोपाऱ्याचे काका म्हणाले, मुंबईत शिकायचं तर हॉस्टेल कशाला, आमच्याकडे राहा. काकांचा जीव मोठा, पण खोली एक आणि माणसं पाच. शिवाय प्रयोगशाळेतून रात्री उशिरा निघून लोकलने तिथवर जाणं दोन वर्षं जमण्यासारखं नव्हतं.

बाबांचा मुद्दा मी कागदावर मांडला. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत होते, कर्जाचा दर साडेनऊ. म्हणजे एक लाख ऐंशी हजार बँकेत ठेवून वर्षाला साधारण साडेचार हजारांचा तोटा. नुसत्या व्याजाचं गणित पाहिलं तर बाबा बरोबर होते, मुदतीआधी फेडायला दंडही नव्हता. पण एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. शिकताना अडचण आली तर नवं कर्ज काढावं लागणार, आणि ती व्याजमाफी एकाच अभ्यासक्रमाला मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला. माझी पदवीलाच वापरून झाली होती. हाताशी रोकड राहावी म्हणून वर्षाला साडेचार हजार मोजणं मला महाग वाटलं नाही.

आयकरातल्या ८० ई कलमाची सूट घे, असं एकाने सांगितलं. ती फक्त व्याजावर आणि जुन्या करपद्धतीतच मिळते. माझ्या पगाराला करच लागत नव्हता, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

खरा आधार विद्यावेतनाचा. गेटच्या गुणांवर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये, २४ महिने. म्हणजे २ लाख ९७ हजार ६००. मुंबईतल्या सरकारी संस्थेची फी, हॉस्टेल, मेस आणि गावी येण्याजाण्याचा खर्च मी तिथल्या सीनियर मुलींना विचारून काढला, तो दोन वर्षांचा ३ लाख २० हजार झाला. तूट साडेबावीस हजारांच्या आसपास. ही संस्था मिळाली तर जायचं, विद्यावेतन नसेल तर नाही, हे मी तेव्हाच घरी सांगून टाकलं. खासगी महाविद्यालयात विद्यावेतनाशिवाय जायचं तर आणखी तीन-चार लाखांचं कर्ज लागलं असतं, आणि जुनं तसंच उभं. विद्यावेतन घेताना दुसरा पगार घेता येत नाही, त्यामुळे शिकवण्या घेऊन भर घालू हा विचारही सोडून द्यावा लागतो.

राहिला हप्ता. पूर्ण हप्ता भरत राहिले असते तर दोन वर्षांत १ लाख ३७ हजार गेले असते आणि हातात जेमतेम वीस हजार उरले असते. तेवढ्यावर मुंबईत राहायची माझी तयारी नव्हती. बँकेत गेले तेव्हा आधी एवढंच सांगितलं गेलं की पुढच्या शिक्षणासाठी हप्ते थांबवता येतील, मात्र व्याज चढत राहील. मी विचारलं, नुसतं व्याज दरमहा भरलं तर? ते महिना अडीच हजारांच्या आत बसत होतं, दोन वर्षांत साठ हजारांच्या आसपास. मुद्दल आहे तिथेच राहतं, पण वाढत नाही. शाखा व्यवस्थापकांनी अर्ज वरच्या कार्यालयात पाठवला आणि मंजुरी आली. मी ती लेखी मागून घेतली, कारण बाबा सहकर्जदार आहेत. माझा एक हप्ता थकला असं नोंदलं गेलं तर त्यांचीही पत खराब होते, आणि वाडीसाठी त्यांना दरवर्षी पीककर्ज लागतं. शैक्षणिक कर्ज असलेल्या प्रत्येकीने हे नीट समजून घ्यावं. तोंडी "चालेल" वर थांबू नये.

असं धरून व्याज आणि तूट वजा जाता माझ्याकडे जवळजवळ ९८ हजार उरत होते. दोन वर्षं घरी पैसे पाठवता येणार नव्हते, आणि खरी किंमत मला तीच वाटली. पगार बुडणार तो सरळ गुणाकाराने पावणेसहा लाख, पण त्यातून माझ्या हाताशी राहायचं ते फार थोडं. घरी जाणारे महिन्याचे चार हजार मात्र आईच्या किराण्याचे होते. ते थांबणार हे मी आईला समोर बसून सांगितलं. ती म्हणाली, "यंदा आंबा बरा लागलाय. तू जा."

प्रवेश घेतल्यावर विद्यावेतनासाठी साधं बचत खातं लागतं, जनधन किंवा संयुक्त खातं चालत नाही, आणि ते आधारशी जोडलेलं हवं. माझं खातं बाबांबरोबर संयुक्त होतं, म्हणून नवं उघडलं. पहिले काही महिने पैसे आलेच नाहीत. पुढे थकलेले सगळे एकदम आले. तोवरची मेस, पुस्तकं आणि कर्जाचं व्याज त्या ९८ हजारांतूनच गेलं. ते पैसे कर्जात भरून टाकले असते तर पहिल्याच सेमिस्टरला कुणाकडे तरी हात पसरावा लागला असता.

आता दुसरं सेमिस्टर चालू आहे. व्याज दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापलं जातं. मार्चअखेर बाबांनी पीककर्ज भरलं, आणि नवीन हंगामाचं त्यांना विनातक्रार मंजूर झालं.