चोपदाराचा दंड वर जातो तेव्हा

यंदा मी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशा आषाढी वारीला गेलो होतो. दिवे घाट चढायला अवघड, असं सगळे सांगत होते. पण ज्येष्ठातल्या वद्य एकादशीला पुण्याहून सासवडपर्यंतची तीस-बत्तीस किलोमीटरची चाल पायांपेक्षा टाळांनी पार केली. दिंडीत आपण एकटे चालतच नाही. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. विणेकऱ्याने चाल बदलली की पावलंही बदलतात.

दिवसभराच्या भजनाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, मग मंगलाचरण, रूपाचे अभंग, वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. घड्याळाकडे बघावंसंच वाटत नाही. गौळणी सुरू झाल्या की जेवणाचा विसावा जवळ आला, हे पोटालाही कळतं. एकांतात बसून नामस्मरण करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण माझं मन लागलं ते इथेच, हजारो माणसांत. शेजारच्या मावशी चालता चालता म्हणाल्या, "माउली, पाठ नसंल तर निस्तं ऐका. चार दिसांनी आपसूक तोंडात येतंय." तसंच झालं.

मला सर्वांत जास्त भिडली ती मुक्कामाची समाजआरती. तळावर पालखी विसावते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार दंड उंच करून "होऽऽ" म्हणतात आणि सगळे टाळ त्याच क्षणी थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिने टाळ वाजवत राहायचं. एका मुक्कामी एक दिंडी अशी वाजतच राहिली. राहुट्यांच्या जागेवरून काही तंटा होता. चोपदार स्वतः तिथे गेले, ऐकून घेतलं, निवाडा दिला, मगच पुढचं. हरवल्या-सापडल्या वस्तूंची, उद्याच्या निघण्याच्या वेळेची घोषणा झाली आणि आरती. लाखोंच्या मेळ्यात एका दिंडीचं म्हणणं ऐकल्याशिवाय माउलींची आरती होत नाही! शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली, ती अजून टिकून आहे.

पुढे नीरा नदीत माउलींच्या पादुकांचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींच्या अश्वाची दौड, मग फलटण, वेळापूरचा धावा, म्हणजे पंढरीच्या ओढीने उतारावरून धावणं, आणि वाखरी. रिंगणाबद्दल सगळेच लिहितात, मी थांबतो.

पंढरपुरात आमची दिंडी एका मठात उतरली. पदस्पर्शाच्या रांगेत आम्ही गेलो नाही. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला माथा आणि कळसाचं दर्शन. कित्येक जुने वारकरी एवढ्यावरच समाधानी असतात, आणि मला ते पूर्ण पटलं. गर्दी बरीचशी द्वादशीचं पारणं करून परतते. आम्ही पौर्णिमेपर्यंत राहिलो. मठात पहाटे काकडा, दुपारी प्रवचन, रात्री कीर्तन. ज्या अभंगांवर इतके दिवस पाय टाकले, ते आता बसून, सावकाश, अर्थ लावत ऐकता आले. वारीला जाणाऱ्यांनी हे दिवस सोडू नयेत, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला. अनोळखी माणसांनी लाह्या भरवल्या, मीही भरवल्या. मग पालखी आळंदीकडे निघाली. परतीला मोजकीच माणसं चालतात, मुक्कामही कमी. आमचे विणेकरी त्यांत होते. "पुढल्या साली परतवारीला या," म्हणाले. रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेवला आहे.